पदराची गाठ आणि बेटावरची घोण

माझा स्वभाव मुळातच एका जागी बसायचा नाही. आमचे हे म्हणतात, हिच्या खुर्चीला खिळे आहेत. वर्गातही मी कधी खुर्चीत बसून शिकवलं नाही, आणि घरी भाजी निवडायला घेतली तरी दोनदा उठून गॅसकडे बघून येते. पण त्या दिवशी मी जी उभी राहिले ती स्वभावामुळे नाही. त्याला कारण एक घोण होती, आणि तीही नांदेडची नाही, तिकडे अंदमानातल्या एका बेटावरची.

पुण्याकडचे लोक असल्या पुष्कळ पायांच्या सगळ्या किड्यांनाच गोम म्हणतात आणि चपलेनं बाजूला सारतात. आमच्याकडे गोम वेगळी, घोण वेगळी. घोण करंगळीएवढी जाड, वरून काळपट, पाय पिवळे, आणि पुढच्या दोन नांग्यांत विष. दगडाखाली, सरपणात, उसाच्या पाचटात ती असतेच. माणूस मरत नाही सहसा, पण ज्याला चावते तो मोठा गडी असला तरी लहान पोरासारखा ओरडतो.

रेणापूरजवळ आमचं शेत. मी शाळकरी असताना माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, पाचट ओढताना पायाला घोण चावली होती. निरोप घेऊन शेजारच्या शेतातला गडी पळत आला तेव्हा माझी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. आम्ही तिला माय म्हणतो. माय तशीच उठली आणि पिठाच्या हातानं पदराच्या टोकाला गाठ मारली. मग ती उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी खाली बसली नाही. वडिलांना बैलगाडीतून आणलं, पाय दोरीनं बांधला, चुना लावला, कांदा चोळला, कुणी काय कुणी काय केलं. माय त्यांच्या उशाशी उभीच. दिवस कलल्यावर वडील स्वतःच्या तोंडानं म्हणाले, "उतरलं." तेव्हा तिनं गाठ सोडली आणि जिथे उभी होती तिथेच खाली बसली.

आमच्याकडची रीत अशी आहे. चावल्याची खबर ज्या बाईच्या कानावर आधी पडेल तिनं तिथल्या तिथे पदराला गाठ मारायची, म्हणजे विष आहे तिथेच थांबतं. गाठ मारणारीनं बसायचं नाही. आणि ज्याला चावलं त्यानं स्वतः 'उतरलं' म्हटल्याशिवाय गाठ सोडायची नाही, दुसऱ्या कुणी सांगून चालत नाही.

मी हे सगळं मागे टाकून आले होते. नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवते मी. प्रथमोपचाराचा धडा दरवर्षी घेते. दंशाच्या वर दोरी करकचून आवळू नका, रक्त अडतं, पाय जायची वेळ येते, हे मी फळ्यावर चित्र काढून सांगते. पोरं माना डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा आजीचंच ऐकतात, हेही मला माहीत आहे.

माझी मुलगी लग्नानंतर अंदमानला गेली. जावई लातूरचे, तिकडे एका लहान बेटावर धक्क्याच्या बांधकामावर सुपरवायझर आहेत. मोठ्या बेटावरून बोटीनं जावं लागतं, आणि समुद्र खवळला की बोट बंद. पोरगी तिथे रमली होती. फोनवर समुद्र दाखवायची, नारळ दाखवायची. एकदा न्हाणीच्या भिंतीवरची घोण दाखवली. वीतभर होती! आमच्याकडची घोण तिच्यापुढे तिचं लेकरू वाटावं. मी किंचाळले. ती हसत म्हणाली, "अगं, इथं ह्या असतातच. चप्पल झटकून घालायची, बस." मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, सातव्या महिन्यात घेऊन यायचं, असं ठरलं. तोपर्यंत मी रोज फोनवर एकच विचारायची, चप्पल झटकलीस का? तिला त्याचा वीट आला होता.

जावयांचा फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती. पोरीला पाचवा महिना संपत आला होता. आवाज तुटत होता, मागे वारा घोंगावत होता.

"मामी, हिला घोण चावली. पायाला. न्हाणीतल्या पायपुसण्यात होती. पण तुम्ही काळजी करू नका, मी गुडघ्याखाली घट्ट बांधलंय. नाडीनं."

"काय बांधलंय? सोडा! अहो, सोडा ते आधी!"

"हॅलो? मामी? चुना पण बघून राहिलोय मी, एका पानवाल्याकडं—"

फोन कट झाला. मी पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी त्या बंद फोनमध्ये "सोडा, सोडा" म्हणून ओरडत होते आणि स्टाफरूममधल्या बाया माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होत्या. खाली बघितलं तर माझ्या हातांनी पदराच्या टोकाला गाठ मारलेली होती. चांगली पक्की. कधी मारली, मला सांगता येणार नाही.

एकीनं खुर्ची पुढे सरकवली. "बसा मॅडम, पाणी घ्या." मी पाणी उभ्यानंच प्याले.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. राग जावयावर होता, बेटावर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. एवढी वर्षं फळ्यावर चित्रं काढली आणि माझ्याच लेकीच्या पायाला नाडी आवळलेली! तीही दोन जिवांची. सूज चढत असणार, नाडी मांसात रुतत असणार, आणि ती सोडा म्हणून सांगायला माझ्याकडे आवाज सोडून काही नव्हतं आणि तो पोचत नव्हता. आणि मी काय करत होते? मीही बांधतच होते. तिथे त्यांनी पाय बांधला, इथे मी पदर.

अर्धी रजा टाकून मी निघाले. गेटवर ऑटो उभा होता. एक पाय आत टाकला आणि थांबले, कारण ऑटोत बसावं लागतं. ऑटोवाल्यानं विचारलं, "क्या हुआ मॅडम, चलना नहीं क्या?" मी त्याला हातानंच नको म्हटलं. मग भर उन्हात आमच्या कॉलनीपर्यंत चालत आले. सिटी बसमध्ये उभं राहून येता आलं असतं, पण थांब्यावर वाट बघत थांबण्याइतका धीर कुणाला होता! चालताना दर चार पावलांना फोन लावत होते. एकदा रिंग गेली. जीव कानात आला. पण कुणी उचलला नाही.

मी कळवल्यावर हे ऑफिसमधून लगेच घरी आले. मी स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर अशी चालत होते.

"काय करून राहिलीस तू? बस की जरा."

"बसायचं नाही."

त्यांनी माझ्या पदराकडे बघितलं. हेही ह्याच भागातले. वाटेतली खुर्ची उचलून त्यांनी बाजूला ठेवली. जेवायला वाढायच्या वेळी स्वतःही उभ्यानंच दोन घास खाल्ले. त्या माणसाच्या प्रेमाची ही तऱ्हा मला लग्न झाल्यापासून माहीत आहे, आणि त्या दिवशीही मी त्यावर खेकसलेच. म्हटलं, तुम्ही कशाला उभे, गाठ मी मारलीय.

मग मी रेणापूरला फोन लावला. माय आता भावाकडे शेतातल्या घरात राहते. कान थोडे कमी झालेत, पण अशी बातमी तिला पहिल्याच शब्दात कळते.

"गाठ मारलीस का?"

"मारली."

"बसली न्हाईस ना?"

"नाही माय. पण त्यांनी तिचा पाय बांधलाय. घट्ट. ते लई वाईट असतं."

"तुझ्या दादाचा बी पाय बांधला हुता. काय झालं?"

"अगं, दादांच्या पायाला किती दिवस मुंग्या येत होत्या, आठवत नाही का तुला?"

 माय म्हणाली, "येत हुत्या खऱ्या." आणि फोनवरच देवाचं नाव घ्यायला लागली. मायला माझं पटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यानं माझी भीती आणखी वाढली.

ह्यांनी मोबाईलवर बेटांवरच्या घोणींबद्दल शोधायला सुरुवात केली. वाचून दाखवत होते, की तिकडच्या उष्ण बेटांवर त्या फार मोठ्या होतात, उंदीर-सरडे धरून खातात. मी म्हटलं, उंदरांचं मला काय सांगता, पोटुशी बाईचं काय होतं ते बघा. ते बघत राहिले. बऱ्याच ठिकाणी एवढंच होतं की वेदना भयंकर असते, सूज येते, बहुतेक जण बरे होतात. पोटुशीबद्दल कुणी नीट सांगत नव्हतं. 'बहुतेक' हा शब्द मला त्या दिवशी जेवढा खुपला तेवढा आयुष्यात कधी खुपला नव्हता.

दिवस मावळताना फोन आला. पोरीचाच. तिचा आवाज ऐकला आणि मला रडू फुटलं.

"आई, रडू नको, ऐक. आरोग्य केंद्रात आहे मी. ठीक आहे. घोणीचं ठीक आहे, पण ह्यांनी जे केलं ना, ते ऐक." आणि ती सुरूच झाली. नाडी एवढी आवळली होती की पाय निळा पडला. वर चुना फासला, त्यानं कातडी भाजली. प्यायला पाणी दिलं नाही, कारण विष पाण्यात पसरतं म्हणे. डोळे मिटले की गाल थोपटून उठवत होते, कारण झोपलं की विष चढतं. "वर जीपमध्ये सगळ्या वाटेत पाढे म्हणायला लावले, आई! सतराचा पाढा. घोण परवडली मला."

मागून जावई काहीतरी पुटपुटले. आमच्याकडे काही चावलं की सापच चावला असं धरून चालतात, त्यातलंच हे सगळं. त्या पोराच्या जिवाची काय अवस्था झाली असेल, हे मला कळत होतं. तरी ते समोर असते तर मी काय बोलले असते, ते इथे लिहीत नाही.

केंद्रातल्या डॉक्टरनं आधी नाडी कापली. चुना धुऊन काढला. मग गरम पाण्याच्या बादलीत पाय ठेवायला लावला, सोसवेल एवढंच गरम, पाणी डॉक्टरनं आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघितलं. वेदना ओसरायला लागली, असं ती म्हणाली. पोटुशीला चालेल अशी गोळी दिली. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच झालेलं होतं. आता तोंड-घसा सुजत नाही ना, श्वास नीट आहे ना, एवढं बघायला ठेवून घेतलं होतं.

"उतरलं का?" मी विचारलं.

"अगं हो, उतरलं."

मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले.  गाठीला हात घातला, आणि मग सुचलं ते विचारलं.

"बाळ हलतंय ना?"

 "चावल्यापासून नाही कळलं. डॉक्टर म्हणाले, ठोके आहेत. घाबरले होते ना मी, म्हणून कळलं नसेल."

मी पुन्हा उठले. त्यानंतरची रात्र मी कशी काढली ते माझ्या पायांना ठाऊक. सकाळी चहाच्या वेळी तिचा फोन आला, बाळानं लाथ मारली, आणि अशी मारली की हातातला कप हिंदकळला. ती हसत होती. मी बसले आणि आधी मायला कळवलं.

"लई चांगलं झालं," माय म्हणाली. "गाठ सोडली न्हाईस ना?"

"आता सोडते."

"सोडू नको. दोन जीव हायेत. एकीनं सांगितलं. दुसऱ्यानं कुठं सांगितलं?"

"माय, पोटातलं बाळ कसं सांगणार?"

"जल्माला येऊन रडंल की. रडलं म्हंजी सांगितलं."

"तुझे नियम दर फोनला वाढतात," मी चिडून म्हणाले आणि फोन ठेवला. पण गाठ सोडली नाही. बसायची मुभा मी माझ्या मनानंच घेतली, चार महिने उभं कोण राहणार! साडी मात्र गाठीसकट घडी करून कपाटात ठेवली. न धुता. मला स्वतःची लाज वाटत होती. पण विचार केला, ठेवायला काय लागतं? आणि सोडली आणि काही झालं तर? ह्या दुसऱ्या प्रश्नापुढे माझं सगळं विज्ञान गप्प बसायचं.

सातव्या महिन्यात पोरगी आली. पायावर चुन्यानं भाजल्याचा डाग होता, घोणीच्या चाव्याची खूण शोधावी लागत होती. एका दुपारी आम्ही बाळासाठी जुन्या सुती साड्या फाडायला काढल्या. बाळाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत, मऊ झालेलं जुनेर लागतं. मी आत पाणी प्यायला गेले तेवढ्यात तिनं कपाटातून ती साडी काढली. आले तर एका हातात कात्री, दुसऱ्या हातात पदर.

"आई, ही किती मऊ आहे. आणि ही गाठ कसली?"

"ती ठेव."

"का? अगं, हिचीच चांगली दुपटी होतील." आणि ती नखानं गाठ सोडायला लागली. मी साडी तिच्या हातातून हिसकावली. कात्री खाली पडली. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग तिला उमगलं. आजोबांची गोष्ट तिनंही मायकडून ऐकलेली होती.

"अजून? आई, तू शाळेत काय शिकवतेस?"

"बांधू नका, असं शिकवते."

"आणि घरी?"

"घरी मी शिकवत नाही. घरी मला भीती वाटते."

मी हे इतक्या मोठ्यानं बोलले की मलाच दचकायला झालं.  तिनं कात्री उचलून दुसरी साडी पुढे ओढली. "मला नाही पटत," एवढंच म्हणाली. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत कापड फाडत राहिलो.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी मी तीच साडी नेसले. पोरीनं ऑटोत पदर बघितला आणि तोंड फिरवलं. जावई निघालेले होते, पण बोट, विमान, रेल्वे करत अजून वाटेतच होते. दवाखान्यात सगळं नीट चाललं होतं. मग डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर करावं लागेल. ह्यांनी सही केली. दार बंद झालं.

तो घोणीचाच परिणाम असेल का? डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, नाळेचा वेढा होता. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती वीतभर घोण सरपटत होती. मी व्हरांड्यात उभी राहिले. ह्या टोकाला जायची, त्या टोकाला यायची. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, बसा ना, तुम्हालाच चक्कर येईल." ह्यांनी त्यांना परस्पर सांगितलं, "राहू द्या, ती बसत नाही." आणि स्वतःही बाकावरून उठले.

दारापलीकडे बोलणं ऐकू येत होतं, भांड्यांचा आवाज येत होता, आणि जे ऐकायचं ते काही येत नव्हतं. मी गाठ मुठीत धरली होती. वडिलांच्या उशाशी उभी राहिलेली माय मला आठवली, आणि तिच्या तोंडावर तेव्हा काहीच का दिसत नव्हतं ते कळलं. सगळं तिनं मुठीत धरलं होतं.

मग बाळ रडलं. आधी अडखळत, मग खणखणीत.

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांगितलं बघ त्यानं. बस आता."

मला बसता येईना. मायच्या नियमाप्रमाणे सगळं पुरं झालं होतं, दोन्ही जिवांनी सांगून झालं होतं. पण आत माझं लेकरू टेबलावर होतं, आणि त्याच्याबद्दल अजून कुणी काही बोललं नव्हतं. सिस्टरनी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणून दाखवलं, मुलगी होती. मी तिचं कपाळ बघितलं आणि विचारलं, "हिची आई?" सिस्टर म्हणाल्या, चांगली आहे. दुसऱ्या कुणी सांगून मला चालत नव्हतं.

बऱ्याच वेळानं स्ट्रेचर बाहेर आलं. पोरीचा चेहरा उतरलेला, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. तिनं बाळ कुठं ते विचारलं नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मुठीकडे. भुलीत तिची जीभ जड झाली होती, पण शब्द मला नीट कळले.

"आई, किती वेळ उभी आहेस? बस आता. उतरलं."

मी तिथेच, व्हरांड्याच्या फरशीवर बसले.